गल्ला कमी भरला तेव्हा

ज्यांनी हा एपिसोड बसमध्ये अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या वेळी मी म्हटलं होतं, धंद्यातल्या अडचणी पाठवा. सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीचे आले: "दुकानातला माणूस चोरी करतोय असं वाटतं, काय करू?" उत्तर देण्याआधी मला माझ्या गावातली एक गोष्ट सांगायचीय. आणि तिच्याआड लपलेली माझी स्वतःचीही.

मी नाशिकरोडचा. आमच्याकडे एकेकाळी "मुलगा प्रेसमध्ये आहे" एवढं सांगितलं की स्थळाची निम्मी चौकशी तिथंच संपायची. प्रेस म्हणजे पेपरवाली नव्हे, नोटा छापणारी. १९२५ ची इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ ची करन्सी नोट प्रेस. सीआयएसएफचा पहारा, येता-जाता झडती, आणि हिशेब तर नोटेनोटेचा. त्या करन्सी नोट प्रेसमधून २०२१ साली ५ लाख रुपये गायब झाले. पाचशेच्या १००० नोटा.

फेब्रुवारीत त्या हिशेबात दिसेनाशा झाल्या. आत शोधाशोध, चौकशी सुरू राहिली आणि पोलिसांत तक्रार गेली ती जुलैमध्ये. मग काय, टीव्हीवर एकच बातमी: नाशिकच्या प्रेसमधून नोटांची चोरी! आमच्या चहाच्या टपरीवर तर चोर कोण, नोटा बाहेर कशा नेल्या, सगळं ठरूनही गेलं होतं. कुणी म्हणे डब्यातून, कुणी म्हणे बुटातून.

पोलिसांच्या तपासात निघालं काय? चोरी झालीच नव्हती. खराब नोटा बाद करताना त्यांच्याबरोबर ती चांगली बंडलंही चुकून पंच झाली होती, म्हणजे भोकं पाडून रद्द. ज्यांच्या हातून हे झालं ते भीतीपोटी गप्प बसले. इतके महिने सगळ्या खात्यावर चोरीचा संशय, आणि मुळात काय, तर एक चूक जी कुणाला सांगता आली नाही.

ती बातमी मी दुकानात उभ्यानं मोबाइलवर वाचली आणि खरं सांगतो, घाम फुटला. कारण अगदी तेच मी केलं होतं.

आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. २०१९ ची दिवाळी, धनत्रयोदशीची संध्याकाळ. लाइटच्या माळांना मरणाची गर्दी. रात्री गल्ला मोजला तर ४,२०० रुपये कमी. पप्पांनी तीनदा मोजलं. काउंटरवर आम्ही पाच जण. त्यात एक पोरगा नवा, दोन महिन्यांपूर्वी लागलेला, एकोणीस वर्षांचा. सगळ्यांची मान आपोआप त्याच्याकडे वळली. पप्पांनी सगळ्यांसमोर, दोन गिऱ्हाइकंसुद्धा उभी होती, त्याला खिसे उलटे करायला लावले. खिशात निघाले एकशे चाळीस रुपये आणि घराची किल्ली. "शेठ, मी नाही घेतले," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला नाही, पुन्हा कधीच आला नाही. न येणं म्हणजे कबुलीच, असं आम्ही धरून टाकलं.

चार दिवसांनी माझ्या ॲक्टिव्हाच्या डिकीत पावती सापडली. ४,२०० रुपयांची. त्या संध्याकाळी टेम्पोवाला माल टाकून गेला, त्याला मीच गल्ल्यातून पैसे काढून दिले होते आणि गर्दीत विसरलो होतो.

मी पावती फाडली. पप्पांना सांगितलं नाही. का? भीती, दुसरं काय. पप्पांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. चोरी थांबवायची म्हटलं की लोक आधी कॅमेरा लावतात. लावा, पण त्या रात्री कॅमेरा होता की आमच्याकडे! चार तासांचं फुटेज बघायला दिवाळीत कुणाला वेळ? आमच्याकडे नव्हती ती एक साधी चिठ्ठी. गल्ल्यातून पैसा बाहेर गेला की चिठ्ठी आत पडली पाहिजे, मग काढणारा मालक असो, मालकाचा मुलगा असो. छोट्या दुकानांत गल्ला बहुतेक वेळा घरचेच लोक बिघडवतात. भाजीला पाचशे काढले, पोराच्या फीला हजार, आणि रात्री हिशेब नोकराकडून मागायचा.

पण खरी चोरीसुद्धा होतेच, ती आमच्याकडेही झाली. आणि करणारा कोण, तर अकरा वर्षं जुना माणूस, ज्याला मी काका म्हणायचो. वर्षात एक दिवस सुट्टी न घेणारा. पप्पा त्याचं उदाहरण द्यायचे. गाडीवरून पडून पाय मोडला म्हणून तो वीस दिवस घरी बसला, तेव्हा एक वायरमन येऊन मला म्हणाला, "काका नाहीत का? त्यांच्या रेटनं दोन बंडल पाहिजे होते, बिलाचं काही नाही." तांब्याच्या वायरचं बंडल. पैसे काकांच्या नंबरवर जायचे. आपल्या स्कॅनरवर गेले असते तर साउंड बॉक्स बोलला असता ना.

तेव्हा मला बँकेतल्या एका मित्रानं सांगितलं की रिझर्व्ह बँकेनं याचसाठी नियम करून ठेवलाय. जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, सलग किमान १० कामाचे दिवस, आधी न कळवता सुट्टीवर पाठवायचं. त्याची खुर्ची दुसऱ्यानं सांभाळली की लपलेलं वर येतं. मध्य प्रदेशातल्या देवासच्या नोट प्रेसमध्ये २०१८ साली सीआयएसएफनं ज्याला पकडलं, तो बाद नोटा तपासणाऱ्या विभागाचाच अधिकारी होता. बुटात लपवून नोटा नेत होता, घर आणि ऑफिस मिळून सुमारे ९० लाख निघाले. म्हणजे टपरीवरचा बुटाचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता, फक्त गाव चुकलं. झडती गेटवर होते आणि किल्ली आतल्या माणसाकडे असते.

आता आम्ही दर सोमवारी दहाच वस्तू मोजतो. वायर, एमसीबी, महागडे स्विच. सगळं दुकान वर्षातून एकदा मोजण्यापेक्षा हे सोपं, आणि घोळ आठवड्यात कळतो, पाच महिन्यांनी नाही. बिल रद्द करायचं तर माझ्या मोबाइलवर ओटीपी येतो. गल्ला रात्री दोघं मोजतात, जोडी रोज बदलते. आणि चूक त्याच दिवशी सांगितली तर पगारातून पैसा कापत नाही. यावर पप्पांशी महिनाभर भांडलो. ते म्हणायचे, लोक सोकावतील. पहिल्याच आठवड्यात एका पोरीनं येऊन सांगितलं की तिनं जास्तीचे सुट्टे परत दिले, तीनशे रुपये. पप्पा गप्प बसले. त्यांना ते जड गेलं, हे दिसत होतं.

कायद्याचं थोडक्यात: नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ लागतं, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत. काकांवर आम्ही तक्रार केली नाही. पप्पांचा निर्णय होता, मला अजूनही पटलेला नाही. खिसे नवीन पोराचे उलटे केले आणि काकांना रिक्षाचं भाडं देऊन घरी सोडलं.

प्रेसची बातमी आली त्या रात्री मी पप्पांना पावतीचं सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे जेवले नाहीत. मग मी त्या पोराला शोधलं. सिन्नर फाट्याजवळ एका हार्डवेअरच्या दुकानात होता. बाहेर बोलावून सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"दादा, हे तुम्ही दुकानात सगळ्यांना सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शटर उघडल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी सगळ्यांना काउंटरपाशी उभं केलं. पप्पा मागे स्टुलावर बसले होते. मी बोलायला लागलो तसे तेही उठून उभे राहिले.