दर्यापुराहून दर्याकडे

वऱ्हाडांतील दर्यापूर या गांवाच्या नांवांत दर्या आहे, गांवाजवळ मात्र तो कोठेंच नाहीं. चंद्रभागेचें पाणी गांवावरून पूर्णेकडे जातें, पूर्णा तापीस मिळते, आणि तापी तें पाणी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राच्या स्वाधीन करते. तालुक्यांतील कित्येक विहिरींचें पाणी खारट. या मुलुखाला खारपाणपट्टा असेंच नांव पडलें आहे. खारें पाणी अशा रीतीनें घरचें, पण समुद्र शेंकडों मैल दूर. म्हणूनच सुट्टी लागली कीं दर्यापूर, अकोला, अमरावती येथील पुष्कळ कुटुंबांचें मन कोंकणाकडे ओढ घेतें.

1998 सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि हा प्रवास पुष्कळच सुकर झाला. मूर्तिजापुरास गाडींत बसलेला प्रवासी मुंबईकडे गाडी बदलून कुडाळास उतरतो. तेथून मालवण, देवबाग, निवती हीं ठिकाणें मोटारीच्या टप्प्यांत आहेत. पहांटे मच्छिमाराची होडी ठरवावी, वारा उठण्यापूर्वीं समुद्रांत जावें, डॉल्फिन माशांच्या उड्या पाहाव्या आणि फराळापूर्वीं परत यावें, असा आतां तेथील परिपाठ झाला आहे. डॉल्फिनला मासा म्हणण्याची चाल आहे खरी. पण तो फुप्फुसांनीं श्वास घेणारा व पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. तो पाण्यावर येतो तो प्रेक्षकांच्या कौतुकासाठीं नव्हे, तर श्वासासाठीं, ही गोष्ट होडींतल्या मंडळींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

निवतीच्या किनाऱ्यापासून कांहीं मैल आंत वेंगुर्ले रॉक्स या नांवानें नकाशावर दाखविलेला खडकांचा पुंजका आहे. त्यांपैकीं एकावर दीपगृह उभें आहे. बाकीच्या खडकांवर माणसाची वस्ती नाहीं. तेथें पक्ष्यांचें राज्य आहे. पुढें 1885 सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे अॅलन ह्यूम हे मोठे पक्षिशास्त्रज्ञही होते. 1875 सालीं पश्चिम किनाऱ्याच्या सफरींत त्यांनीं हे खडक पाहिले आणि त्यांविषयीं लिहून ठेविलें.

या खडकांच्या अंधाऱ्या गुहांत पाकोळीची एक जात राहते. ती आपलें घरटें मुख्यतः लाळेनें बांधते. लाळ वाळली कीं कठीण होते, आणि वाटीच्या अर्ध्या भागासारखें तें घरटें खडकास चिकटून राहतें. काळोखांत टकटक असा आवाज करून, त्याच्या प्रतिध्वनीवरून ती आपली वाट काढते. चीन देशांत अशा घरट्यांचें सार मोठ्या चवीनें घेतात, आणि तेंच या पक्ष्याच्या मुळावर आलें. घरटें काढलें कीं त्यांतील अंडीं व पिलें जातात. पाकोळी पुन्हां बांधूं लागते, तें दुसरें घरटेंही काढलें जातें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें या चोरट्या व्यापाराकडे सर्वांचें लक्ष वेधलें आणि वनखात्याच्या साहाय्यानें गुहांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें.

खडकांच्या माथ्यावर सुरय जातीचे समुद्रपक्षी अंडीं घालतात. त्यांचें घरटें म्हणजे बहुधा उघड्या दगडावरील किंवा कपारींतील साधी जागा. ऊन कडक असतें, आणि आईबापांची सावली हेंच अंड्याचें छत्र. माणूस खडकावर चढला कीं सारा थवा ओरडत आकाशांत उठतो; पाहणाऱ्यास तो देखावा रमणीय वाटतो. परंतु तेवढ्या वेळांत खालीं अंडीं तापत असतात. देखाव्याची किंमत पिलांनीं द्यावी लागते, आणि ती पाहणाऱ्याच्या दृष्टीसही पडत नाहीं.

हा प्रश्न एकट्या कोंकणाचा नाहीं. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांत फ्लॅम्बरो व बेम्प्टन येथें समुद्रावर उभे तुटलेले उंच कडे आहेत. एकोणिसाव्या शतकांत हौशी लोक तेथें होड्या भाड्यानें घेऊन जात, ते बंदुका घेऊन. आणि केवळ गंमतीखातर घरट्यांवरचे पक्षी टिपीत. याविरुद्ध आवाज उठला तेव्हां दयेबरोबर व्यवहाराचाही दाखला देण्यांत आला: धुक्यांत पक्ष्यांचा कलकलाट ऐकून खलाशांना कडा जवळ आल्याची सूचना मिळते. 1869 सालीं पार्लमेंटनें समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. आज त्याच कड्यांखालीं होड्या जातात, परंतु त्यांतील लोकांच्या हातीं दुर्बिणी असतात.

उत्तरेस फार्न बेटांवर पक्ष्यांच्या जोडीस करड्या रंगाचे सीलही दिसतात. सील हा प्राणी भारताच्या किनाऱ्यावर राहत नाहीं. तो मासे समुद्रांत पकडतो, पण पिलांना जन्म देण्यासाठीं त्याला जमिनीवर यावें लागतें, आणि तेथेंच तो शिकाऱ्याच्या हातीं सहज सांपडे. या जातीच्या रक्षणासाठीं ब्रिटनमध्यें 1914 सालीं स्वतंत्र कायदा झाला. 2022 सालीं पक्ष्यांच्या तापाची भयंकर सांथ आली, तेव्हां फार्न बेटांवर उतरणें बंद करण्यांत आलें. 2024 पर्यंत प्रवाशांनीं होडींतूनच दर्शन घेतलें. होडीवाल्यांचें उत्पन्न त्यामुळें घटलें असेल, पण ज्यांच्यावर तें उत्पन्न अवलंबून आहे ते पक्षीच उरले नाहींत तर होडी कोणाकरितां हांकावयाची?

मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग 1987 सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हां जाळ्यावर पोट भरणाऱ्या लोकांच्या मनांत धास्ती उत्पन्न झाली. ती अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. रक्षणाचा भार नेहमीं गरिबावरच पडूं लागला तर तें रक्षण टिकत नाहीं. उलट, पाहुण्यांना होडींतून नेण्यांत त्याच मच्छिमाराला दोन पैसे मिळाले, तर जिवंत डॉल्फिन व नांदता खडक हें त्याचें भांडवल होतें. मात्र या बाबतींत पाहुण्याचें वर्तनच निर्णायक ठरतें. “आणखी जवळ घे” असा आग्रह त्यानें धरला, तर नावाडी इंजिन वाढवून कळपाच्या मध्यें घुसतो. “येथेंच थांब” असें तो म्हणाला, तर इंजिन मंदावतें, आणि बहुधा डॉल्फिन आपण होऊनच जवळून जातात.

हा धडा घेऊन वऱ्हाडांत परतलेल्या मंडळींना त्याचा उपयोग घरींही आहे. समुद्रावरील सुरयाची चुलत बहीण, नदीसुरय, मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणासारख्या जलाशयांवर दिसते. उन्हाळ्यांत पाणी ओसरून उघड्या पडणाऱ्या बेटांवर व वाळूंत अंडीं घालण्याची तिचीही रीत आहे. तेथें कडा नाहीं, लाटा नाहींत, दीपगृह नाहीं; केवळ तापलेली वाळू आणि तिच्याच रंगाचें एक अंडें. त्यावर पाय पडूं नये म्हणून चार पावलें अलीकडे थांबणारा माणूस दर्यापूरचा असला, तरी त्याला दर्या खऱ्या अर्थानें भेटला असें म्हणण्यास हरकत नाहीं.