मोटारीच्या धूरनळीची गळती

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या काठी ज्या हिंगणे बुद्रुक गावी महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला बालिकाश्रम नेला, तो परिसर आज कर्वेनगर या नावाने ओळखला जातो. त्या काळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे हे प्राध्यापक शहर आणि हिंगणे यांमधील वाट पायीच तुडवीत असत. आज त्याच वाटेच्या दुतर्फा इमारती उभ्या आहेत, आणि बहुतेक प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर मोटारींची दाटी झालेली आहे. या भागाचा आणि यंत्रविद्येचा संबंधही निकटचा आहे. शेजारच्या कोथरुडात १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीने डिझेल एंजिने बांधण्यास आरंभ केला. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वेताळ टेकडीवर मोटारींच्या धुराची आणि आवाजाची परीक्षा करते. आणि खुद्द कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, त्यास कमिन्सचेच नाव आहे. तेव्हा मोटारीच्या धुरासंबंधी चार व्यवहारोपयोगी गोष्टींचा विचार करण्यास यापेक्षा योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

मोटारीस काही वर्षे लोटली म्हणजे तिची धूरनळी गंजते, सायलेन्सर फुटतो, जोडावरचे पॅकिंग जळते. कंपनीचा मूळ भाग महाग पडतो, म्हणून मालक नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात जातो आणि निम्म्या किमतीत तसाच दिसणारा भाग घेऊन येतो. कोणी तरुण केवळ गंभीर आवाजाच्या हौसेने मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्या जागी पोलादी नळ्यांचा हेडर बसवितो. भाग बसतो, गाडी चालू होते, आणि दोन दिवसांनी तक्रारी सुरू होतात. सकाळी एंजिन सुरू करताच ‘टक् टक्’ असा आवाज येतो आणि दहा मिनिटांनी तो आपोआप थांबतो. गाडीत उग्र वास येतो. पेट्रोल अधिक लागते. समोरच्या फळीवर एंजिनाचा पिवळा दिवा लागून राहतो. मालक दोष देतो तो नव्या भागास किंवा दुकानदारास. पुष्कळदा भाग निर्दोष असतो. दोष असतो तो दोन भाग जेथे एकत्र येतात त्या जोडात.

हे नीट समजण्यासाठी धूरनळीचे कार्य ध्यानी घ्यावयास हवे. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असता त्यातून दर सेकंदास शंभर वेळा जळलेल्या वायूचा लोट बाहेर पडतो. मॅनिफोल्डपाशी या वायूचे तपमान सहाशे ते आठशे अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकते. हा प्रवाह अखंड नसून धक्क्याधक्क्यांचा असतो. एका लोटामागे दाब वाढतो आणि लगेच क्षणभर तो बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही खाली जातो. म्हणून जोडात फट राहिली की तिच्यातून गरम वायू बाहेर तर पडतोच, परंतु अधूनमधून बाहेरची थंड हवा आतही ओढली जाते. सकाळचा ‘टक् टक्’ आवाज हा त्या फटीतून सुटणाऱ्या लोटांचा होय. धातू तापून प्रसरण पावला म्हणजे फट बुजते आणि आवाज थांबतो. गाडी बरी झाली असा मालकाचा समज होतो. वास्तविक ती केवळ दुसऱ्या सकाळपर्यंत गप्प राहिलेली असते.

आत ओढल्या जाणाऱ्या या हवेचा दुसरा परिणाम अधिक फसवा असतो. आजच्या पेट्रोल मोटारींत धूरनळीवर ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. धुरात प्राणवायू किती उरला हे तो एंजिनाच्या संगणकास कळवितो, आणि त्या बातमीवरून संगणक इंधनाचे प्रमाण कमीअधिक करतो. सेन्सरच्या अलीकडे गळती असली म्हणजे बाहेरचा प्राणवायू त्याच्यापर्यंत पोहोचतो. इंधन कमी पडत आहे असा संगणकाचा ग्रह होतो आणि तो अधिक पेट्रोल सोडू लागतो. पुण्यात अनेक गाड्यांस मागाहून सीएनजीचे किट बसविलेले असते. तेही याच बातमीवर विसंबून असल्याने त्यांतही हीच चूक उतरते. एका दुय्यम फटीमुळे मालकास दरमहा इंधनाचा भुर्दंड पडतो, आणि कारण न उमगल्याने तो सेन्सर, प्लग, इंजेक्टर असा एकेक भाग बदलीत बसतो.

येथवरची हानी पैशाची झाली. यापुढील हानी प्राणाची आहे. एंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूस दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. त्यामुळे हवेत त्याचा अल्प अंश असला तरी रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हळूहळू नष्ट होते. इंग्लंडातील शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करून १८९६ साली दाखवून दिले की, स्फोटानंतर पुष्कळ कामगार मरतात ते आगीने नव्हे, तर या वायूने. खाणीत जे घडते ते लहान प्रमाणावर बंद काचांच्या मोटारीतही घडू शकते. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे होत, आणि प्रवासात मुलांस डोकेदुखी किंवा झोप आली तर गाडी लागली असे म्हणून कोणीही त्याकडे दुर्लक्ष करतो. म्हणून गाडीत एकाहून अधिक माणसांस एकाच वेळी असा त्रास झाला, तर काचा उघडून गाडी तत्काळ बाजूस थांबवावी, सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांस दाखवावे. मागचा दरवाजा अर्धवट उघडा ठेवून गाडी चालवू नये, कारण धावत्या गाडीच्या पाठीमागे दाब कमी होऊन धूर आत खेचला जातो. तळघरातील किंवा बंद गॅरेजातील गाडी सुरू ठेवून आवाज ऐकत उभे राहणे हाही असाच अविचार आहे.

आता गळती शोधावयाची कशी? रात्रभर थंड झालेले एंजिन हा या कामी सर्वोत्तम साहाय्यक होय. प्रथम जोडांवर उजेड टाकून पाहावे. जेथे वायू सुटत असतो तेथे काळ्या काजळीची जीभ उमटलेली दिसते. मग मोकळ्या जागी गाडी सुरू करून साध्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे जोडाजवळून फिरवावे. फटीपाशी आवाज एकदम मोठा होतो. फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून नळी व कपडे दूर राहतील याची खबरदारी घ्यावी. एंजिन बंद व थंड असता आणखी एक खात्रीची परीक्षा करता येते. घरातील व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू धूरनळीच्या शेपटाशी कापडाने गुंडाळून लावावी, हलकी हवा आत सोडावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे येतील तेथे गळती. गाडीखाली शिरावयाचे असल्यास नुसत्या जॅकचा भरवसा धरू नये. भक्कम टेकूवर गाडी ठेवल्यावाचून खाली हात घालणे हे साहस नसून मूर्खपणा होय.

गळतीची कारणे फार नाहीत. पहिले व सर्वांत साधे कारण म्हणजे जुने पॅकिंग पुन्हा वापरणे. पॅकिंग एकदा दाबले गेले की त्याचा आकार ठरतो. ते दुसऱ्या पृष्ठभागाशी पुन्हा तितकेच जुळत नाही. म्हणून भाग बदलला की पॅकिंग नवे घ्यावे आणि दोन्ही पृष्ठभागांवरील जुनी काजळी व कण हलक्या हाताने खरवडून काढावेत. सिलिंडरचे हेड ॲल्युमिनियमचे असेल तर धारदार पोलादी पात्याने त्यावर ओरखडा उठू देऊ नये.

दुसरे कारण वाकडी फ्लँज. बाजारी हेडरच्या नळ्या वेल्डिंग करून जोडलेल्या असतात आणि त्या उष्णतेने फ्लँजची पट्टी किंचित वाकते. बसविण्यापूर्वी तिच्यावर सरळ पट्टी ठेवून, कारागीर ज्यास फीलर गेज म्हणतात त्या पातळ पात्यांनी, फट मोजावी. फट अधिक आढळल्यास ती फ्लँज यंत्रशाळेत घासून सपाट करून घ्यावी. बोल्ट आवळून वाकडेपण घालविण्याचा प्रयत्न केल्यास स्टड तुटतो, आणि हेडमध्ये तुटलेला स्टड काढण्याचा खर्च मूळ भागाच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

तिसरे कारण आवळण्याची रीत. धातूच्या प्रसरणाचा हिशेब येथे उपयोगी पडतो. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा तुकडा पाचशे अंशांनी तापला की सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढतो. तेवढाच स्टेनलेस पोलादाचा तुकडा सव्वाचार मिलिमीटरपर्यंत वाढतो. म्हणजे बिडाच्या जागी पोलाद आले की जोडावरील ओढाताणही वाढली. म्हणून नट मधून आरंभ करून दोन्ही टोकांकडे क्रमाक्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. गाडी चांगली तापवून पूर्ण थंड होऊ दिल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत. जेथे मूळ जोडास स्प्रिंगचे बोल्ट आहेत तेथे साधे बोल्ट घालून जोड जाम करू नये. एंजिन झटका घेते तेव्हा त्या जोडाने थोडे हलावे अशीच मूळ योजना असते. ते हलणे थांबविले की पुढची नळी तडकते.

चौथे कारण ताणाखाली बसविलेली नळी. नवी नळी एका टोकास घट्ट करून दुसरे टोक जोर लावून ओढून बसविले, तर तो ताण कायम जोडावर राहतो. सर्व जोड प्रथम सैल बसवावेत, नळी रबरी हँगरवर मोकळी टांगावी, ती कोठेही चाशीस घासत नाही हे पाहावे, आणि मग एंजिनाकडून शेपटाकडे एकेक जोड घट्ट करीत जावे. जुने, चिरलेले हँगर त्याच वेळी बदलावेत.

गळतीवर लावण्याच्या पेस्टविषयी एक इशारा आवश्यक आहे. नळीत नळी सरकविलेल्या जोडास धूरनळीची खास पेस्ट चालते. परंतु मॅनिफोल्डच्या वाकड्या फ्लँजवर ती फार काळ टिकत नाही. साधे सिलिकोन तर ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास लावूच नये, कारण त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. नळीस तडा गेला असल्यास वेल्डिंग हाच उपाय. मात्र त्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी, अन्यथा संगणकास धोका पोहोचतो.

कायद्याची बाजूही दृष्टिआड करता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ गाडीत मनास येईल तसे फेरबदल करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मूळच्याच जातीचा भाग बसविणे वेगळे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकून मोकळी नळी लावणे वेगळे. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा ही कडक प्रमाणे लागू झाली. कन्व्हर्टरच्या अलीकडे गळती असली तर धुराचा तेवढा अंश शुद्ध न होताच रस्त्यावर पडतो. गंमत अशी की, शेपटाशी घेतलेल्या नमुन्यात बाहेरची हवा मिसळल्याने पीयूसीच्या यंत्रावर आकडा कधी कधी उगाच चांगला दिसतो. प्रमाणपत्र हाती आले म्हणजे गाडी निर्दोष ठरली, असे समजणे म्हणून धोक्याचे आहे.

तात्पर्य, बाजारातील स्वस्त भाग घेणे हा काही गुन्हा नव्हे. मध्यमवर्गीय गृहस्थास काटकसर करावीच लागते, आणि कर्वेनगर-वारज्याच्या लहान वर्कशॉपांतून हे काम उत्तम करणारे कसबी मेस्त्री आहेत. परंतु भागाची किंमत ठरविताना त्यात नव्या पॅकिंगची, नव्या नटांची, सपाट केलेल्या फ्लँजची आणि दुसऱ्या दिवशीच्या तपासणीची किंमत मिळविली पाहिजे. या बेरजेनंतरही भाग स्वस्त पडत असेल तर तो अवश्य घ्यावा. पडत नसेल तर मूळचाच बरा. धूरनळीच्या वरच्या बाजूस मागील आसनावर कोण बसलेले असते हे ज्यास आठवते, त्या मालकास ही बेरीज करण्यास फार वेळ लागणार नाही.