परवान्याचे मोल

उन्हाळ्यातील एखाद्या शनिवारी, उजाडण्याच्या सुमारास, अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या कोणत्याही तळ्याकाठी गेले तर एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. एक गृहस्थ काठावर एकटाच बसलेला असतो. हातात गळाची काठी, शेजारी आमिषाचा डबा. पाण्यावर धुके असते आणि आसपास चिटपाखरूही नसते. जगाच्या व्यवहारापासून इतका दूर गेलेला दुसरा माणूस सापडणे कठीण. परंतु याही माणसाजवळ सरकारी परवाना असतो, तो त्याने पैसे मोजून घेतलेला असतो, आणि गस्तीवरच्या अधिकाऱ्याने विचारला तर तो त्याला दाखवावा लागतो.

तळे निसर्गाने घडविले, पाणी आभाळातून आले आणि मासा तर कोणी पेरला नाही; मग हे पैसे कशाचे? हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. अमेरिकेच्या न्यायालयांना तो अनेकदा सोडवावा लागला आहे.

प्रथम रक्कम किती ते पाहू. मासेमारीचा परवाना तेथे घटकराज्ये देतात, त्यामुळे राज्य बदलले की दरही बदलतो. मिशिगनने २०१४ साली आपल्या दरांची फेरमांडणी केली. राज्याच्या रहिवाशाला वर्षाचा परवाना २६ डॉलरला, परराज्यातून आलेल्याला ७६ डॉलरला, एका दिवसापुरता हवा असेल तर १० डॉलरला आणि पासष्टी गाठलेल्या रहिवाशाला ११ डॉलरला, असे दर तेव्हा ठरले. सतरा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियात हाच वार्षिक परवाना २०२४ साली रहिवाशालाही ६० डॉलरांहून अधिक पडला. एका देशात, एकाच छंदासाठी, इतकी तफावत आहे.

हा पैसा घेण्याचा अधिकार राज्याला कोठून आला? रानातील पशुपक्षी व पाण्यातील मासे हे राज्यातील सर्व जनतेच्या मालकीचे असून राज्य जनतेच्या वतीने त्यांचे धनी आहे, असा विचार एकोणिसाव्या शतकात प्रबळ होता. १८९६ साली कनेक्टिकटमधील पक्ष्यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे १९७९ मध्ये ओक्लाहोमातून टेक्सासमध्ये नेलेल्या बारीक माशांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ही मालकीची कल्पना बाजूला सारली. पोहणारा मासा कोणाच्याच मालकीचा नसतो. मात्र त्याचे रक्षण करणे हे राज्याचे रास्त काम आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. राज्य मालक राहिले नाही, ते राखणदार झाले. मालक किंमत मागतो. राखणदाराने राखणीचा खर्च मागावा, हे ओघानेच आले.

आणि ही राखण स्वस्त नाही. ‘मासा कोणी पेरला नाही’ असे वर म्हटले, ते आज पुष्कळ ठिकाणी खरे नाही. मत्स्यबीजाची केंद्रे चालवून, पिले वाढवून ती हंगामागून हंगाम तळ्यांत व नद्यांत सोडावी लागतात. कोणत्या पाण्यात कोणता मासा किती उरला याची पाहणी करावी लागते. विणीच्या काळात कोणी जाळे टाकू नये म्हणून गस्त ठेवावी लागते. काठापर्यंत जाण्याची वाट आणि होडी उतरविण्याचा धक्काही कोणी तरी बांधावा लागतो.

या खर्चाची घडी १९५० साली बसली. मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल आणि कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा त्या वर्षी संमत झाला. गळाच्या काठ्या, दोऱ्याची चाके व आमिषे यांवरील दहा टक्के कराचे उत्पन्न राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळू लागले. मंजूर कामाचा पाऊण खर्च केंद्राने द्यावयाचा आणि पाव राज्याने घालावयाचा, असा त्यातील प्रमाणाचा नियम. हा पाव हिस्सा पुष्कळदा परवान्याच्या पैशांतूनच येतो.

त्या कायद्यात एक अट मोठ्या दूरदृष्टीने घातलेली आहे. परवान्याचे उत्पन्न मत्स्य व वन्यजीव खात्याखेरीज अन्यत्र वळवणार नाही, असा कायदा जे राज्य करील त्यालाच ही मदत मिळते. रस्त्याचे खड्डे बुजविण्यास किंवा अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यास हा पैसा उचलता येत नाही. तळ्याकाठच्या त्या माणसाने दिलेला डॉलर पाण्याकडेच परत जावा, हा त्यामागील हेतू.

वाटणीची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. मदतीचा चाळीस टक्के भाग राज्याच्या क्षेत्रफळावर आणि साठ टक्के भाग पैसे देऊन परवाना घेणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. फुकट दिलेला परवाना या मोजणीत येत नाही. म्हणून एखाद्या राज्याने वृद्धांना परवाना विनामूल्य दिला, तर हे औदार्य त्याला दोन्हीकडून महाग पडते: शुल्क बुडते आणि केंद्राकडील हिस्साही घटतो. तसेच गळ टाकणाऱ्यांची संख्या रोडावली की राखणीचा पैसा रोडावतो. दर वाढवावा तर आणखी माणसे दूर जातात, न वाढवावा तर काम अडते. नदी स्वच्छ राहिल्याचा लाभ पोहणाऱ्याला होतो, काठावर फिरणाऱ्यालाही होतो. परंतु परवान्याचा भार मात्र गळ टाकणाराच उचलतो. या व्यवस्थेतील हे वैगुण्य मान्य केले पाहिजे.

याहून गंभीर दोष मात्र निराळा आहे. परवान्याची रक्कम जेव्हा खर्चाची भरपाई न राहता कोणाला तरी दाराबाहेर ठेवण्यासाठी लावलेला अडसर होते, तेव्हा काय घडते?

दक्षिण कॅरोलिनाने १९४७ साली कोळंबी पकडणाऱ्या नौकांसाठी नियम केला. रहिवाशाच्या नौकेला परवाना २५ डॉलरला, परराज्यातील नौकेला २,५०० डॉलरला. शेजारच्या जॉर्जियातील कोळी न्यायालयात गेले. कोळंबीचे संवर्धन हेच आमचे उद्दिष्ट, असे राज्याचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ७ जून १९४८ रोजी ही शंभरपट आकारणी अवैध ठरविली. बाहेरच्यांमुळे देखरेखीचा खर्च वाढत असेल, अथवा संवर्धनाचा खर्च रहिवाशांच्या करांतून होत असेल, तर तेवढा फरक खुशाल घ्यावा. परंतु बाहेरच्याची चूल विझविण्यासाठी शुल्काचा वापर करता येणार नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य.

त्याच दिवशी दुसरा एक निकाल लागला. तोराओ ताकाहाशी १९०७ मध्ये जपानहून अमेरिकेत आले आणि १९१५ पासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर परवाना घेऊन मासेमारी करीत होते. युद्धकाळात, १९४२ मध्ये, इतर जपानी लोकांबरोबर त्यांना किनाऱ्यावरून हलविण्यात आले. ते परत आले तेव्हा राज्याचा कायदा बदललेला होता: नागरिकत्व मिळण्यास जे अपात्र, त्यांना मासेमारीचा परवाना नाही. ताकाहाशींपुढे शुल्क कमी की जास्त हा प्रश्नच उरला नाही. कोणत्याही किमतीला परवाना मिळत नव्हता. न्यायालयाने ती बंदी मोडून काढली.

तिसरी कहाणी त्याआधीची, १९४२ मधील. याकिमा जमातीचे सॅम्पसन टुली यांनी वॉशिंग्टन राज्यात परवान्याविना जाळ्याने सामन मासे धरले, म्हणून त्यांना दोषी ठरविण्यात आले होते. त्यांच्या पूर्वजांनी १८५५ च्या तहात भूमी दिली, परंतु नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला होता. माशांच्या रक्षणासाठी आवश्यक ते निर्बंध राज्याने घालावेत, परंतु जो हक्क त्यांचाच आहे तो बजावण्यासाठी त्यांच्याकडून दाम मागता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले.

हौस आणि उदरनिर्वाह यांतील भेदही न्यायालयाने ओळखला आहे. १९७८ साली मोंटाना राज्यातील शिकारीच्या परवान्याचा वाद आला, तेव्हा परराज्यातील हौशी शिकाऱ्याकडून कितीतरी अधिक शुल्क घेण्यास त्याने हरकत घेतली नाही. करमणूक महागली तर माणूस हिरमुसतो. धंदा बंद पडला तर घर उपाशी राहते. फ्लोरिडाच्या नियमांत या जाणिवेचा एक लहानसा धागा सापडतो. आपल्याच जिल्ह्यात, चाक नसलेल्या साध्या बांबूच्या काठीने, नैसर्गिक आमिष लावून घरापुरते मासे धरणाऱ्या रहिवाशाला गोड्या पाण्यात सामान्यतः परवाना लागत नाही.

हा विषय भारतापासून फार दूरचा नाही. आपल्या संविधानानेही मत्स्यव्यवसाय राज्यांच्या सूचीत ठेवला आहे, आणि महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने नौकांना परवान्याची अट घातली. परवाना देणारे कोणतेही राज्य असो, त्याला तीन प्रश्न विचारता येतात. घेतलेला पैसा पाण्याकडे परत जातो काय? आकारणी राखणीच्या खर्चाला धरून आहे काय? आणि ज्याची चूल त्याच पाण्यावर पेटते, त्याला ती परवडते काय? या तिहींचे उत्तर होकारार्थी असेल, तर परवाना म्हणजे पाण्याच्या राखणीत उचललेला आपला वाटा होय. तसे नसेल, तर अडीच हजार डॉलर असोत की पाच, ती रक्कम अन्यायाचीच ठरते.

मिशिगनच्या तळ्यावरचे धुके एव्हाना विरलेले असते. काठावरच्या गृहस्थाच्या गळाला कधी मासा लागतो, कधी लागत नाही. परंतु पुढच्या वर्षी त्या पाण्यात मासा असावा, यासाठी त्याने आपला वाटा दिलेला असतो.