कचेरीच्या आवारातील वृक्ष

मुंबई-पुण्याच्या जुन्या कचेऱ्यांच्या आवारांत वड, पिंपळ आणि वर्षावृक्ष यांची जी विस्तीर्ण छाया आढळते, तिचे मोल ऐन वैशाखात उमगते. कारण पर्णरंध्रांतून बाष्प होऊन निघणारे पाणी भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि छायेतील भिंती कमी तापल्यामुळे आतील वातानुकूलन यंत्रांवरचा भारही हलका होतो. महाराष्ट्राने १९७५ साली नागरी वृक्षसंरक्षणाचा कायदा केला व २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तथापि बुंध्यालगत फरसबंदी करून मुळांचे पाणी तोडण्याचा प्रघात अद्याप चालूच आहे, ही गोष्ट मनास फार क्लेश देते. बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवावी, पालापाचोळा न जाळता त्याचे खत करावे, आणि कागदापायीही वृक्ष तुटतात म्हणून दफ्तरातील पाठकोरे कागद मसुद्यांसाठी वापरावेत.