हट्ट नव्हता, पोट दुखत होतं

आपला अहिल्यानगर जिल्हा दुधाचा. संगमनेर, राहुरी, कोपरगाव, कुठंही जा, गावोगावी दूध संकलन. अशा घरात ‘पोराला दूध सोसत नाही’ कुणाला पटणार? माझा नातू पेला संपला की तासाभरात चिडायचा, शाळेत जाताना रडायचा. हट्टी म्हणून मी धपाटाही घातला.

डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर, लॅक्टोज, काहींना पचत नाही. ती आतड्यात आंबते, गॅस होतो, पोट दुखतं. त्यांच्या सल्ल्यानं दोन आठवडे दूध थांबवलं, पुन्हा दिलं. तेव्हा खात्री पटली. दही-ताक मात्र त्याला सोसतं. विरजणामुळं ती साखर कमी होते. शिवाय नाचणी, तीळ आहेतच.

प्रत्येक चिडचिड दुधामुळं नसते. पण हात उगारण्याआधी एवढं विचारा, ‘बाळा, पोट दुखतंय का?’