पहिल्या वर्षाचा पेपर



संयोजकांनी मला ‘बदलतं तंत्रज्ञान’ हा विषय दिला होता. त्यावर तुम्ही मोबाइलवर रोज पुरेसं ऐकता. मी बोलणार आहे इंग्रजी साहित्याच्या पहिल्या वर्षाच्या पेपरवर. कारण घरचंच आहे. बारावी सायन्स करून लेक म्हणते, बी.ए. इंग्रजी करणार. घरात दोन इंजिनीअर, त्यामुळे वातावरण तापलेलं. तिचे बाबा विचारतात, ‘पुढे काय?’ मी विचारलं, ‘पहिल्या वर्षी काय शिकवतात?’

मग शोधायला बसले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ‘प्रमुख इंग्रजी कवी’ हा अभ्यासक्रम सक्तीचा होता. चॉसर, स्पेन्सर, शेक्सपिअर, डन, मग मिल्टन, पोप, वर्ड्‌स्वर्थ आणि बहुधा एलियट. 2016 मध्ये विद्यार्थ्यांनी लेखी मागणी केली की ही सगळी गोऱ्या पुरुषांची यादी आहे, सक्ती काढा. पुढच्या वर्षी विभागाने रचना बदलली. अमेरिकन आणि जगभरचं इंग्रजी साहित्यही पायाभूत अभ्यासक्रमांत आलं. विद्यार्थ्यांचं म्हणणं मला पटतं. पण यादी बदलली म्हणजे अभ्यासक्रम चांगला झाला, असं मी आमच्या ऑफिसात म्हटलं तर कोणी ऐकून घेणार नाही. प्रोग्रॅम आम्ही तपासतो तो त्याने कधी न पाहिलेली माहिती देऊन.

आपल्याकडे यूजीसीने 2015 मध्ये इंग्रजी ऑनर्सचा नमुना अभ्यासक्रम दिला. त्यातला पहिलाच पेपर भारतीय अभिजात साहित्याचा! शाकुंतल, मृच्छकटिक, महाभारतातलं द्यूत, सगळं इंग्रजी अनुवादात. माझ्या सासूबाई हसल्या, ‘शाकुंतल वाचायला इंग्रजी कशाला?’ मला मात्र ती जागा फार आवडली. मूळ नाटकात दुष्यंत संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. इंग्रजीत दोघं एकच भाषा बोलतात. मग काय हरवलं? अनुवादकाने ते कुठे भरून काढलं? पहिल्या वर्षाच्या पोरांना हा प्रश्न घातला तर गाईड उघडून उपयोग नाही. नाटकच उघडावं लागेल.

म्हणून एका कॉलेजच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या. (लेक म्हणाली, ‘आई, तू ऑडिट करतेयस.’ करत होते.) अमक्याचं स्वभावचित्र रेखाटा, तमक्यावर टीप लिहा. तेच प्रश्न दरवर्षी थोडे पुढेमागे. पुस्तक न उघडता पास होता येईल, असा तो पेपर. दुसऱ्या एका कॉलेजात मात्र न शिकवलेली कविता देऊन तिच्यावर लिहायला सांगितलं होतं, आणि गुण चांगले घसघशीत. ते कॉलेज घरापासून लांब, नाव फारसं कोणाला माहीत नाही. माझं मत तिथेच पडलं. तिच्या बाबांचं अजून पडलेलं नाही.

बाई, आपल्या पेपरात तो ‘अपठित उतारा’ असायचा. आम्ही त्याला फुकटचे गुण समजायचो, कारण पाठ काहीच करायचं नसे. आता वाटतं, अख्ख्या पेपरात आम्हांला वाचता येतं का, हे विचारणारा प्रश्न तेवढा एकच होता.

प्रवेशाचा निर्णय याच महिन्यात घ्यायचा आहे. लेक तिथे मागे बसली आहे. बाई, जेवणाच्या सुट्टीत तिला एखादी कविता द्याल का? कवीचं नाव झाकून. आणि तिचे बाबा शेजारीच आहेत, त्यांनाही एक द्या.