परवान्यामागील विवेक



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, ते वहीत पान चिकटवण्यापूर्वी ते कशासाठी तोडले, हे आम्हांस लिहावयास लावीत. पुढे कायदा वाचताना त्या शिस्तीचा अर्थ मला उमगला.

आपल्याच शहरातील वनस्थलीपुरम येथे एकेकाळी निजामांची शिकार चाले. आज तेथील महावीर हरिण वनस्थलीत काळवीट चरतात. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे ९ वे कलम शिकारीस मनाई करते. ११ वे व १२ वे कलम मोजके अपवाद सांगते. शिक्षणासाठी वा संशोधनासाठी संरक्षित प्राणी पकडावयाचा, तर १२ व्या कलमाखाली सकारण, लेखी परवाना लागतो. १९९१ च्या दुरुस्तीने घटपर्णीसारख्या वनस्पतींनाही संरक्षण मिळाले. मात्र स्वतःच्या गरजेपुरत्या त्या घेण्याची आदिवासींची मुभा कायद्याने राखली.

खरी कसोटी लागते ती ११ व्या कलमाशी. वाघासारखा प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरला, तरी तो पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे अशक्य असल्याची खात्री झाल्यावाचून मुख्य वन्यजीव रक्षकास त्याला ठार मारण्याचा आदेश देता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात ‘अवनी’ या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. ज्यांच्या घरचे माणूस रानातून परतले नाही, त्यांना प्राणिप्रेमाचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यावे? आधी बेशुद्ध करून पकडावे, ते न साधल्यासच गोळी घालावी, असा आदेश निघाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री वाघीण मारली गेली. गोळी झाडणारा नेमबाज आपल्या हैदराबादचा होता. मागे दोन बछडे उरले. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने ठरलेल्या कार्यपद्धतीचा भंग झाल्याचे नमूद केले.

वाघिणीला मारावयासच नको होते, असे मी म्हणत नाही. त्या गावांचे भय खरे होते, आणि आदेश न्यायालयातही टिकला होता. माझे म्हणणे एवढेच, की परवाना म्हणजे मोकळीक नव्हे. त्याचा प्राण त्याच्या अटींत असतो. अटी गळाल्या, की हाती उरतो तो केवळ शिक्का मारलेला कागद. मग गावकऱ्यांचे न्याय्य गाऱ्हाणेही संशयाच्या सावलीत सापडते.

वहीतल्या पानाखालची ती एक ओळ गुरुवर्यांनी आम्हांस शिकवली. तिचे मोल जाणणे, हीच त्यांना खरी आदरांजली होय.